नवा व्यवसाय आणि सातवा दिवस

शास्त्रपाठ : निर्गम १६:१-३०, २०:८-११, ३१:१-१७, ३४:२१, अनुवाद ५:१२-१५, नहेम्या १३:१५-२२, मार्क ६:३०-३४



ज्याने नुकताच एखादा व्यवसाय सुरू केला आहे, अशा माणसाशी विश्रांतीविषयी बोलणे सोपे नाही. कोणी नोकरी सोडून बेकरी टाकलेली असते, कोणी शिकवणीवर्ग काढलेला असतो, तर एखाद्या भगिनीने घरच्या घरी डबे करून देण्याचे काम हाती घेतलेले असते. जागेचे भाडे चालू झालेले असते, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो आणि गिऱ्हाईक अद्याप बांधले गेलेले नसते. अशा माणसाच्या दृष्टीने आठवड्यातला एक दिवस दुकान बंद ठेवणे हा पोटापाण्याचा प्रश्न असतो. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला हाती पडतो, त्याने "विश्रांती घ्या" असा उपदेश केला, तर तो त्याला टोचतो. आणि त्यात नवल नाही.

म्हणून ह्या पाठात आपण तो प्रश्न त्याच्याच बाजूने विचारात घेऊ. विश्रामाची आज्ञा नव्या, डळमळीत, कर्जावर उभ्या असलेल्या उद्योगालाही लागू आहे काय? की धंदा स्थिरस्थावर झाल्यानंतर पाळावयाची ती गोष्ट आहे?

१. आज्ञा कोणाच्या हाती आली?

विश्रामाचा पहिला धडा इस्राएल लोकांना सीनाय पर्वतावर मिळाला नाही. तो त्यापूर्वीच, मिसर देशातून निघून जेमतेम महिनाभर झाला असता, अरण्यात मिळाला (निर्गम १६). त्यांच्याजवळ शेत नव्हते, कोठार नव्हते, उद्याची खात्री नव्हती. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या हुकुमाखाली राबलेले हे लोक प्रथमच स्वतःच्या पायांवर उभे राहत होते. स्थिरस्थावर झालेल्या माणसांना दिलेली ही आज्ञा नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. ज्यांचे सारेच नवे होते, त्यांना ती सर्वांत आधी मिळाली.

ह्याच्या मागची पार्श्वभूमीही पाहण्याजोगी आहे. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मोशे व अहरोन फारोपुढे उभे राहिले, तेव्हा तुम्ही ह्या लोकांची वेठ बंद पाडता, असा ठपका त्याने त्यांच्यावर ठेवला. मूळ इब्री भाषेत येथे जे क्रियापद आहे, ते 'शब्बाथ' ह्या शब्दाच्याच धातूपासून आलेले आहे. ह्या धातूचा मूळ अर्थ 'थांबणे' असा आहे. लोक थांबतील ही फारोची भीती होती. आणि त्यावर त्याने केलेली उपाययोजना आपल्याला ठाऊक आहे. विटांसाठी मिळणारे गवत बंद झाले, विटांची संख्या मात्र तीच राहिली.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा सांगताना मोशेने हीच आठवण पुढे ठेवली आहे : तुम्ही दास होता, तुम्हांला सोडवून आणले आहे, म्हणून हा दिवस पाळा. वाचकहो, मालकाचा जाच नको म्हणून स्वतःचा व्यवसाय काढणारे अनेक जण आपल्या मंडळ्यांत आहेत. वर्षभराने त्यांची विचारपूस करावी, तर पूर्वीच्या साहेबाने कधी मागितले नसतील एवढे तास ते स्वतःकडून वसूल करीत असतात. मुकादम बदलला, पण विटांची संख्या कमी झाली नाही. ज्याला कोणी वरिष्ठ नाही, त्यालाच ह्या आज्ञेची विशेष गरज आहे.

२. तीन इब्री शब्द

भाषांतराच्या कामात काही शब्द मनुष्याला थांबवून ठेवतात. ह्या विषयात असे तीन शब्द आहेत. त्यांपैकी पहिला 'शाबात', म्हणजे थांबणे, हा आपण वर पाहिला. त्यात झोप, करमणूक किंवा सहल ह्यांचा मुळीच उल्लेख नाही. काम हातातून खाली ठेवणे एवढाच त्याचा आशय आहे.

दुसरा शब्द 'मेलाखा'. सातव्या दिवशी जे करावयाचे नाही, त्याला हा शब्द योजलेला आहे. मराठीत आपण त्याला 'कामकाज' म्हणतो. ह्याची व्याप्ती मोठी आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने पूर्ण केलेल्या सृष्टिकार्याला हाच शब्द आहे. निवासमंडपाच्या कुशल कारागिरीलाही तोच आहे, आणि १०७ व्या स्तोत्रात जहाजांतून महासागरावर उदीम करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या धंद्यालाही तोच आहे. म्हणजे ज्या कामापासून थांबावयाचे, ते हलके किंवा अपवित्र काम नव्हे. ते चांगले, कौशल्याचे, प्रसंगी देवाच्या कार्याशी तुलना करण्याजोगे काम होय. आपला उद्योग प्रामाणिक आहे, चार जणांना त्यातून रोजगार मिळतो, तो देवाने दिलेला आहे, ही कारणे खरी असली तरी न थांबण्याची सबब होऊ शकत नाहीत.

तिसरा शब्द 'नाफाश'. 'नेफेश' म्हणजे जीव, श्वास. त्याच्याशी नाते असलेले हे क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ 'दम घेणे, जिवात जीव येणे' असा होतो. संपूर्ण जुन्या करारात ते केवळ तीन वेळा आढळते. निर्गम २३:१२ मध्ये ते दासीच्या मुलाविषयी व उपऱ्याविषयी आले आहे : सातव्या दिवशी त्यांना दम घेता यावा. निर्गम ३१:१७ मध्ये ते प्रत्यक्ष परमेश्वराविषयी आले आहे. तिसऱ्यांदा ते २ शमुवेल १६:१४ मध्ये येते. तेथे अबशालोमापासून पळणारा, शिमीचे शिव्याशाप ऐकत आलेला, थकून गेलेला दावीद आपल्या लोकांसह विसावतो.

सृष्टीचा उत्पन्नकर्ता, संकटात सापडलेला राजा आणि घरातील दासीचे मूल ह्या तिघांना शास्त्राने एकच क्रियापद दिले आहे. भाषांतर करताना देवाविषयी भारदस्त शब्द योजावा आणि दासीच्या मुलासाठी साधा, असा मोह होतो. परंतु मूळ लेखकाने तसा भेद केलेला नाही. आपल्या दुकानात भांडी घासणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा दम घेता येतो की नाही, हा प्रश्न ह्या शब्दामुळे फार मोठा होतो.

३. "सध्या हंगाम आहे"

विश्रांती पुढे ढकलण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे हंगाम. दिवाळी-नाताळ जाऊ द्या, लग्नसराई आटपू द्या, पहिले वर्ष निघू द्या, मग पाहू, असे आपण म्हणतो. निर्गम ३४:२१ मध्ये ह्या सबबीला नेमके उत्तर आहे : नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही थांबावयाचे. शेतकऱ्याच्या वर्षातील हे दोन काळ असे आहेत की, त्यांत एक दिवस चुकला तर वर्षाचे पीक हातचे जाऊ शकते. आज्ञेने नेमके त्यांचेच नाव घेतले आहे.

ह्या वचनाची तीव्रता इतिहासाच्या एका गोष्टीवरून ध्यानात येते. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइन ह्याने इ.स. ३२१ मध्ये रविवारच्या सुटीचा कायदा केला, तेव्हा त्याने शहरांतील न्यायाधीश, रहिवासी व कारागीर ह्यांना विश्रांती दिली. शेतकऱ्यांना मात्र हवामानाची संधी वाया जाऊ नये म्हणून मोकळीक ठेवली. व्यवहाराच्या दृष्टीने ते समंजसपणाचे होते. मोशेच्या नियमशास्त्राने ती मोकळीक दिली नव्हती.

नव्या प्रकल्पाचेही एक उदाहरण शास्त्रात आहे. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल व अहलियाब ह्या कारागिरांची नेमणूक होते. आराखडा तयार आहे, काम साक्षात देवाचे आहे. आणि लगेच पुढच्याच वचनांत शब्बाथाची आज्ञा येते. पस्तिसाव्या अध्यायात काम प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा सांगितली जाते, आणि त्या दिवशी घरात विस्तवदेखील पेटवू नये असे बजावले जाते. परमेश्वराचा निवासमंडप उभारण्याचे काम जर सातव्या दिवशी थांबू शकते, तर आपली कोणती ऑर्डर त्याहून तातडीची आहे?

४. मान्ना आणि महिन्याचा हिशेब

आता हिशेबाकडे वळू. कारण शब्बाथाची आज्ञा हवेत सोडलेली नाही. मान्नाच्या अध्यायात सहाव्या दिवशी माणशी दुप्पट, म्हणजे दोन ओमर, गोळा करावयाचे होते. भाजावयाचे ते भाजून व शिजवावयाचे ते शिजवून आदल्या दिवशीच ठेवावयाचे होते. म्हणजे विश्रामाच्या दिवसाची तजवीज ही आज्ञेचाच भाग होती. तरी काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडले, आणि त्यांना काही सापडले नाही.

आजचा सहावा दिवस म्हणजे कर्ज काढण्यापूर्वीचा कागद व पेन्सिल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका लहान दुकानाचे भाडे १२,००० रुपये, हप्ता १५,०००, मदतनिसाचा पगार १८,००० आणि वीज वगैरे ७,०००. एकूण ५२,००० रुपये दरमहा ठरलेला खर्च. कच्च्या मालाची किंमत वजा जाता रोज २,५०० रुपये उरतात असे समजा. महिन्यातील तीसही दिवस दुकान उघडले, तर ७५,००० रुपये येऊन घरासाठी २३,००० उरतात. सव्वीस दिवस उघडले, तर ६५,००० येऊन १३,००० उरतात. घरखर्चाला १८,००० लागत असतील, तर पाच हजारांची तूट दिसते.

ही तूट खरी आहे; ती प्रार्थनेने झाकून ठेवू नये. परंतु तिचा अर्थ नीट लावावा. पाच हजार रुपये सव्वीस दिवसांत विभागले, तर रोजचे सुमारे दोनशे रुपये होतात. ह्या दुकानापुरती भरून काढावयाची रोजची तूट एवढी आहे. ती कशी भरून काढावी, ह्याचे मार्ग शोधता येतात : किंचित वेगळे दर, लहान जागा, हप्त्याची मुदत वाढवून घेणे, कच्चा माल वाया जाणे कमी करणे, किंवा सुटीच्या आदल्या दिवशी आगाऊ मागणी घेणे. काही मार्ग साधतील, काही साधणार नाहीत. मात्र व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच हिशेब सव्वीस दिवसांचा धरावा, ही सूचना प्रत्येकाने मनावर घ्यावी. ज्या कर्जाचा हप्ता तीसही दिवस दुकान उघडल्यावाचून फिटत नाही, ते कर्ज त्या व्यवसायासाठी मोठे आहे. एक आजारपण आले तरी तो हप्ता चुकणारच.

५. एकट्याने घेता न येणारी विश्रांती

चौथ्या आज्ञेत यादी आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा. मालक विसावला आणि नोकर राबत राहिला, तर आज्ञा पाळली गेली असे होत नाही.

आपल्या देशात ही गोष्ट मिळवून घ्यावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत, आणि आठवड्याची सुटी त्यांना नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली व साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या सुटीसाठी सहा वर्षे झगडणारे लोखंडे ख्रिस्ती नव्हते. दासीच्या मुलाला दम घेता यावा, हे मात्र त्यांनी आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा अधिक ओळखले होते.

पुढे १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे आवश्यक केले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली, आणि कामगाराला सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुटी ठेवली. ह्यातील फरक मालकाने ध्यानात घ्यावा. पूर्वी कायदाच त्याच्या दुकानाला टाळे लावी. ह्या मुभेनंतर स्वतःच्या विश्रांतीचा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

पाळीपाळीने सुट्या दिल्या, की झाले, असेही कोणी म्हणेल. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये हा प्रयोग देशभर झाला. यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला गेला, आणि कामगारांचे गट पाडून प्रत्येक गटाला निराळा सुटीचा दिवस दिला गेला. सुटी होती, पण पतीची एका दिवशी, पत्नीची दुसऱ्या दिवशी. १९३१ मध्ये सर्वांना एकच सुटी असलेला सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० मध्ये देश पुन्हा सात दिवसांच्या आठवड्याकडे वळला. विश्रांतीला सोबत लागते, हे त्या अनुभवावरून दिसते.

ह्याच संदर्भात घराकडेही पाहावे. दुकान बंद, म्हणून पाहुणे जेवायला. आणि घरची गृहिणी पहाटेपासून चुलीपाशी! आदल्या दिवशी शिजवून ठेवा, हा निर्गम १६ मधील नियम तिच्यासाठीही आहे. तिने डब्यांचा व्यवसाय चालविला असेल, तर सुटीच्या दिवशी घरच्या स्वयंपाकाचा भार इतरांनी उचलावा.

६. थांबल्याने धंदा वाढतो काय?

ह्याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या हेपव्हिल येथे, ट्रुएट कॅथी ह्यांनी आपले बंधू बेन ह्यांच्यासह १९४६ मध्ये एक लहानसे उपाहारगृह काढले. ते सहा दिवस चोवीस तास चाले आणि रविवारी बंद असे. १९६७ मध्ये त्यांनी 'चिक-फिल-ए' ह्या नावाचे पहिले दुकान उघडले. आज त्या नावाची हजारो उपाहारगृहे असून, कॅथी ह्यांच्या २०१४ मधील निधनानंतरही ती रविवारी बंदच असतात. न्यूयॉर्कमधील 'बी अँड एच' हे कॅमेऱ्यांचे मोठे दुकान यहुदी शब्बाथ पाळते. त्या काळात ते संगणकावरूनसुद्धा मागणी स्वीकारत नाही.

ही उदाहरणे उत्तेजन देणारी आहेत, परंतु त्यांतून सूत्र काढू नये. रविवारी बंद राहूनही बुडालेली दुकाने असतात. त्यांच्या कथा कोणी छापत नाही. कॅथींकडून शिकावयाचे ते हे की, त्यांनी रविवारची सुटी भरभराट झाल्यावर सुरू केली नाही. उपाहारगृह लहान होते तेव्हाच ती ठरविलेली होती.

एवढे मात्र खात्रीने सांगता येते की, न थांबणाऱ्याला वाटतो तेवढा लाभ होत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांची पाहणी करणाऱ्या समितीने १९१५ मध्येच रविवारच्या कामाविरुद्ध मत दिले होते. जॉन पेन्केव्हल ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच कारखान्यांची आकडेवारी पुन्हा तपासून २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याचे काम सुमारे पन्नास तासांच्या पुढे गेले की उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत नाही, आणि विश्रांतीचा दिवस नसला तर ते घटते, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. व्यवसाय घरच्यांसाठी उभारावा आणि घरच्यांनीच आपल्याला अंथरुणावर सांभाळावे, ह्यात कोणाचे हित आहे?

आमोस संदेष्ट्याने दाखविलेला आणखी एक धोका आहे (आमोस ८:५). शब्बाथ कधी संपेल आणि धान्य विकावयास काढू, अशी घाई झालेले व्यापारीच माप लहान करतात व तराजू खोटा करतात. थांबण्याची असोशी आणि मापातील खोट एकाच वाक्यात आली आहेत. ज्याला एक दिवसही सोडवत नाही, त्याला ग्रॅमही सोडवत नाही.

७. वेशी आणि मोकळीक

नहेम्याने यरुशलेमेत उपदेश केलाच, पण शब्बाथापूर्वी अंधार पडू लागताच वेशी बंद करवून तेथे पहारेही ठेवले. व्यापारी एकदोनदा भिंतीबाहेर मुक्काम करून राहिले, आणि नहेम्याने ताकीद दिल्यावर येईनासे झाले. आज आपली वेस म्हणजे मोबाईल फोन. दुकानाचा फोन त्या दिवशी बंद असतो, हे गिऱ्हाइकांना महिनाभर आधीपासून सांगावे. एकदोन आठवडे तेही भिंतीबाहेर थांबतील, मग त्यांना सवय होईल.

प्रभू येशूने मात्र ह्या दिवसाचे ओझे होऊ दिले नाही. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, हे त्याने स्पष्ट केले. विहिरीत पडलेला बैल त्याच दिवशी वर काढावा लागतो, हेही तो जाणून होता. मार्कच्या सहाव्या अध्यायात, जेवायलाही सवड नसलेल्या शिष्यांना तो एकांती विसाव्यासाठी नेतो. आणि तेथे लोकसमुदाय आधीच येऊन उभा असता त्याला कळवळा येतो. विसावा मोडला, तो कळवळ्यामुळे मोडला, लोभामुळे नव्हे. परिचारिका, वाहनचालक, दूधवाले, रविवारी लग्नाचे जेवण पुरविणारे ह्यांचा दिवस दुसरा असू शकेल. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवस पाळण्याविषयी एकमेकांचा न्याय करण्यास मनाई आहे. तेव्हा रविवारी भक्तीला न दिसलेल्या बंधूकडे बोट दाखवू नये. त्याला एक दिवस थांबता यावे म्हणून त्याचे दुकान कोण सांभाळू शकेल, हे मंडळीने विचारावे.

वाचकहो, ज्यांनी नवे काम हाती घेतले आहे, त्यांनी येत्या आठवड्यातील एक दिवस आजच ठरवावा, आणि आदल्या दिवशीची तयारी लिहून काढावी. त्या दिवशी गल्ल्यात काही पडणार नाही. दुकान बंद असतानाही आपल्याला सांभाळणारा कोणी आहे की नाही, हे कळण्याला तेवढी एकच वाट आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या व्यवसायाचा मासिक हिशेब किती दिवसांवर आधारलेला आहे? तो सव्वीस दिवसांवर बसविण्यासाठी काय बदलावे लागेल?

२. आपल्या विश्रांतीच्या दिवशी आपल्यामुळे कोणाला काम करावे लागते?

३. 'हंगाम संपल्यावर' म्हणून आपण किती वर्षे थांबणे पुढे ढकलले आहे?

४. आपल्या मंडळीत नवा व्यवसाय सुरू केलेले कोण आहेत? त्यांना एक दिवस मोकळा मिळावा म्हणून आपण काय करू शकतो?